ॲन्युबियासचं खोड मऊ पडलंय आणि एक दांडाही आलाय

काचपेटी_दादर
माशांचा २ फुटी टँक, त्यात ॲन्युबियास बार्टेरी नाना ही पाणवनस्पती. लावून ६ आठवडे झाले, खोड खडीत दीड इंच पुरलंय. पानं हिरवीगार असतानाच देठासकट सुटून तरंगायला लागली आहेत. पाणी सध्या ३० अंश, लाइट रोज १० तास. दुसऱ्या टोकाला एक बारीक दांडा आलाय, टोकाला पांढरट-हिरवी कळी. हे फूल का? आणि खत कुठलं घालू?

ओहोळ
खत राहू द्या, आधी झाड बाहेर काढा. तुम्ही पुरलंत ते मूळ नव्हे, आल्यासारखं आडवं वाढणारं खोड आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत ही झाडं ओढ्याकाठी सावलीत, दगडांना आणि पडलेल्या ओंडक्यांना मुळांनी धरून राहतात. खोड उघड्यावर असतं. खडीत पाणी हलत नाही, प्राणवायू पोचत नाही, मग खोड कुजतं. पान हिरवं असताना गळतं ते म्हणूनच: पानात दोष नाही, त्याचा बुडखा सडलाय.

खोड धुऊन अंगठ्याने दाबत जा. दबेल, तपकिरी जेलीसारखं दिसेल, वास मारेल तो भाग गेला. नव्या ब्लेडने कापा, आणि काप सगळीकडून टणक व फिकट दिसला तरी आणखी अर्धा सेंटीमीटर काढा. इथे कंजूषी केली की १५ दिवसांत पुन्हा तेच. उरलेल्या तुकड्यावर निदान ३-४ पानं हवीत.

मग दगडाला बांधा. शिवणाचा सुती दोरा नको, मुळं दगड धरायच्या आत तो कुजतो. गळाची नायलॉन दोरी घ्या, किंवा जेलवाला सुपरग्लू: मुळांवर दोन थेंब, १० सेकंद दाबून धरायचं. नवं पान फुटतं त्या टोकाला ग्लू लागू देऊ नका.

सुरणकुळी
दांडा म्हणजे फूलच, खरं तर फुलोरा. ॲन्युबियास आपल्या अळू-सुरणाच्या कुळातली. जूनमध्ये बाजारात शेवळं येतात ना, तीच रचना: बाहेर एक छद, म्हणजे पानासारखं आवरण, आत जाडसर कणीस. शेवळं निसताना आपण खालचा दाणेदार भाग टाकतो, ती फुलं, आणि वरचा वांझ दांडा ठेवतो. ॲन्युबियासला तो वांझ दांडा नसतो. खाली मादी फुलं, वर थेट टोकापर्यंत नर. पाकळ्या कुणालाच नाहीत, आणि नर फुलातले पुंकेसर एकमेकांना चिकटून एकच गठ्ठा झालेले असतात. पाण्याखाली फूल उमलतं, पण बी धरत नाही. खोड कापणार असाल तर दांडाही छाटा, झाडाची ताकद वाचेल.

अळू घशात खाजतं ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे. त्या इथेही आहेत, म्हणून बहुतेक मासे पानांना तोंड लावत नाहीत. छाटल्यावर हात धुवा.

फिल्टरवाला
लाइट १० तास फार झाला, ६-७ वर आणा. हे झाड महिन्याला जेमतेम एखादं पान काढतं, त्यामुळे एकेक पान वर्षभर तसंच राहतं आणि उजेड जास्त झाला की त्यावर हिरवे ठिपके, कडेला काळं शेवाळ धरतं. दगड फिल्टरच्या धारेसमोर पण सावलीत ठेवा. मे महिन्यात पाणी ३० च्या वर गेलं तर झाकण काढून छोटा पंखा पाण्यावरून फिरवा, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. नळाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आहे, ते या झाडाला चालतं. फक्त अँटिक्लोरीन (पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) विसरू नका.

काचपेटी_दादर
कापलं. ५ पानांचा तुकडा टणक निघाला. पुढे मुळं खाली खडीत गेली तर?

ओहोळ
जाऊ द्या, मुळं खडीत चालतात. खोड वर दिसत राहायला हवं. आणि शेजारी क्रिप्टोकोरीन ही दुसरी पाणवनस्पती लावणार असाल तर तिथे नेमकं उलटं: ती आपल्याकडच्या ओढ्यांतही उगवते आणि तिची मुळं पुरावीच लागतात. दुकानात दोन्ही एकाच ट्रेमध्ये पडलेल्या असतात. आडवं जाड खोड दिसलं तर ॲन्युबियास.