पाड्यावर घरची मोहाची दारू पुढे आली तर कसे वागावे?

प्रश्न (दादर):
येत्या चैत्रात आम्ही तिघे मित्र मुंबईहून जव्हारजवळच्या एका वारली पाड्यावर, ओळखीच्या शेतकरी कुटुंबाकडे दोन दिवस राहायला जाणार आहोत. तिथे पाहुण्यांपुढे घरची मोहाची दारू ठेवतात, असे त्यांच्या मुलाने सांगितले. मला चव पाहायची आहे, पण आमच्यातला एक जण अजिबात घेत नाही. यजमानांचा मान राखून कसे वागावे?

उत्तर (बोरिवली):
मी मूळचा विक्रमगडकडचा. आपण पहाटेच उठा, कारण मोहाची फुले रात्री उमलून पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत बायका-मुले ती टोपल्यांत वेचतात. एक ताजे फूल तोंडात टाकून पाहा: मांसल, गोड, वास मात्र उग्र. अंगणात वाळली की ती मनुकांसारखी दिसू लागतात. हीच फुले काही दिवस पाण्यात आंबवून चुलीवर उकळतात आणि त्यांची वाफ थंड होऊन थेंबथेंब गळते, ती दारू. पहिल्या धारेची फार कडक असते, तेव्हा एका घोटावर थांबावे. आमची आजी पहिले थेंब देवांच्या आणि पितरांच्या नावाने जमिनीवर सोडल्याखेरीज कोणाला पेला ओठाला लावू देत नसे. आपल्या मित्रानेही बोट बुडवून तेवढेच करावे आणि हात जोडावेत. आमच्या घरी अशा पाहुण्याला कधी कोणी आग्रह केला नाही.

उत्तर (ठाणे):
परवान्याशिवाय दारू गाळणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, म्हणून भट्टीचे किंवा माणसांचे फोटो कुठेही टाकू नका. आपण परत याल, त्रास त्यांना होईल. या फुलांवरचा जाच जुना आहे. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत त्यांच्या साठवणुकीवर बंधने घालणारा कायदा इंग्रजांनी १८९२ साली केला होता. दुसरे म्हणजे, रस्त्याकडेला पिशवीतून विकली जाणारी दारू कदापि घेऊ नका. २०१५ साली मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे गेली.

उत्तर (डहाणू):
परतताना किनाऱ्याने आलात तर ताडी सकाळीच प्यावी, कारण मडके उतरवल्यावर ती गोड असते आणि दुपारपर्यंत आंबट व कडक होते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. फोटोंचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. कॅमेरा घरीच ठेवतो.