आमवात : सकाळचा पहिला तास कसा काढता?

वय ४३, आमवात ६ वर्षांपासून. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट, सोबत फॉलिक ॲसिड. दुपारनंतर मी बरी असते. अडचण सकाळची. बोटं तासभर अशी आखडतात की दुधाची पिशवी दातांनी फाडावी लागते, आणि तिथेच मन जे खचतं ते जेवणापर्यंत सावरत नाही. डॉक्टरांना सांगितलंय, समुपदेशनही सुरू आहे. त्यामुळे औषधं सुचवू नका. कोमट पाण्यात हात बुडवून बसते, तेवढाच आराम. डायरी आठ दिवसांत सुटली (पेनच धरवत नाही!). चालायला संध्याकाळी जाते, सकाळी पाऊल टेकवत नाही.

अंथरुणातच, बोटं न वापरता, मन जरा वर येईल असं तुम्ही रोज काय करता? आणि फार दुखतं त्या दिवशीही ते जमतं का?