बाळ पायाळू आहे, ३५ आठवडे झालेत. सिझर, की वळवून बघावं? (ठाणे / नवी मुंबई)

कासारवडवलीची
नमस्कार. पहिलंच बाळंतपण आहे. कालच्या सोनोग्राफीत डोकं अजून वरच दिसलं. डॉक्टर म्हणाल्या, ३९व्या आठवड्यात सिझर करू. बाळ बाहेरून वळवतात असं ऐकलं होतं म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे ते करत नाहीत.

सासूबाईंच्या आत्या पायाळू, गावात सुईणीच्या हातून झालेल्या. उसण भरलेली माणसं त्यांच्याकडे पाय लावून घ्यायला यायची. त्यामुळे सासूबाईंना सिझर नकोय. माझी आई म्हणते, अजिबात धोका पत्करू नकोस. मला सिझरची भीती नाही, पण पुढे दुसरं मूल हवंय. कुणी यातून गेलंय का? कळवा, ऐरोली, वाशी, कुठेही जायची तयारी आहे.

ऐरोलीकर आई
मी गेलेय. माझी दुसरी खेप होती, ३७व्या आठवड्यात वळवलं. आधी सोनोग्राफी, बाळाचे ठोके बघायला पोटाला पट्टे, मग पिशवी सैल पडायचं इंजेक्शन. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी बूड वर उचललं आणि बाळाला कोलांटी दिल्यासारखं फिरवलं. पाचेक मिनिटं जोरात दाबल्यासारखं दुखलं. नंतर पुन्हा ठोके बघितले आणि संध्याकाळी घरी सोडलं. ४०व्या आठवड्यात नॉर्मल झाले. पण ऑपरेशन थिएटर शेजारी तयार होतं. तसं नसेल तिथे करून घेऊ नकोस.

प्रसूतितज्ज्ञ, वाशी
तुमच्या डॉक्टरांनी 'आम्ही करत नाही' हे स्पष्ट सांगितलं, ते चांगलंच केलं. आता ज्या ठिकाणी करतात तिथे याच आठवड्यात दाखवा. पहिलटकरणीला ३६व्या आठवड्यापासून वळवून बघता येतं. सगळ्या बायका मिळून साधारण निम्म्या वेळा जमतं, पहिल्या खेपेला थोडं कमी. त्यानंतर २४ तासांत तातडीचं सिझर करावं लागणं २०० त एखादीला. वार (प्लॅसेंटा) खाली असेल, पाणी गेलं असेल किंवा नुकता रक्तस्राव झाला असेल तर वळवत नाहीत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन लागेल.

नाहीच वळलं तर? २००० साली २६ देशांतल्या, पायाळू बाळ असलेल्या २,०८३ बायकांचा अभ्यास आला, एका गटात ठरवून सिझर, दुसऱ्यात नॉर्मलचा प्रयत्न. त्यात ठरवून केलेल्या सिझरमध्ये बाळांना सुरुवातीचा त्रास बराच कमी दिसला आणि अनेक देशांत पायाळू नॉर्मल बाळंतपणं जवळजवळ थांबली. त्याच मुलांकडे दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. पण तोवर हात बसलेले डॉक्टर कमी होत गेले होते, आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे २०१७चे आकडे असे: बाळ दगावण्याचं प्रमाण ३९ आठवड्यांनंतर ठरवून केलेल्या सिझरमध्ये हजारी ०.५, डोकं खाली असलेल्या नॉर्मलमध्ये १, पायाळू नॉर्मलमध्ये २. यातला हजारी २ हा आकडा अनुभवी हातांचा आहे, कुठल्याही नर्सिंग होमचा नाही.

रिपोर्टमध्ये पाय कसे आहेत ते बघा. बूड खाली आणि पाय वर तोंडाकडे, किंवा मांडी घातलेली असेल तर निदान विचार तरी करता येतो. पाऊल खाली असेल, मान मागे ताणलेली असेल किंवा वजन ३.८ किलोच्या वर वाटत असेल तर सिझरच.

दुसऱ्या मुलाबद्दल: एका सिझरनंतर पुढच्या वेळी नॉर्मल होऊ शकतं, पिशवीवरच्या टाक्याकडे लक्ष ठेवावं लागतं. वार टाक्यावर रुजण्याचा धोका प्रत्येक सिझरगणिक वाढतो.

घणसोली_२
माझं वळवायला गेले, वळलं नाही, सिझर झालं. वाईट वाटलं होतं, पण प्रयत्न केला याचं समाधान आहे. दोन गोष्टी सांगते. सिझरच्या दिवशी टेबलावर जायच्या आधी पुन्हा सोनोग्राफी कर, कधी कधी बाळ आपणच वळलेलं असतं. आणि बाळ सहा आठवड्यांचं झालं की खुब्याची सोनोग्राफी करून घे, मग सिझर झालेलं असो की नॉर्मल. पायाळू बाळांचा खुबा सैल असू शकतो. आमच्या मुलीचा होता, वेळेत कळलं, पट्टा लावला, आज धावतेय.

कासारवडवलीला, म्हणजे घोडबंदर रोडला राहतेस म्हणून आणखी एक. पाणी गेलं तर कळांची वाट बघू नकोस, लगेच निघ. नाळ खाली सरकू शकते. रात्री गाडी कोण काढणार ते आत्ताच ठरव.

ऐरोलीकर आई
कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, तिथे विचारून बघ. कुठेही गेलीस तरी वर्षाला किती बाळं वळवता आणि रात्री भूलतज्ज्ञ आवारात असतात का, हे विचारच.

कासारवडवलीची
सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट काढून बघितला, बूड खाली, पाय वर. वार वरच्या बाजूला आहे. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, म्हणजे अँटी-डीचं विचारायला हवं.

काल रात्री हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, आत्यांच्या पाठचा भाऊही पायाळूच होता, तो राहिला नाही. हे त्यांनी आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सोमवारी कळव्याला त्याच माझ्यासोबत येतायत.