उद्योजकतेची पूर्ण पदवी घ्यावी की नुसते कोर्स?

नवशिका: पदवी उद्योजकतेतच घ्यावी, की संगणक किंवा रसायनशास्त्र मुख्य ठेवून उद्योजकतेचे तीन-चार कोर्स जोडावेत? माहितीपत्रकं सगळी एकाच छापाची वाटतात. नेमकं काय तपासू?

ताळेबंद: मुख्य विषय दुसरा ठेवा. स्वतःला काही बनवता येत नसेल तर पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

माहितीपत्रक सोडा, गुण कशाला आहेत ते बघा. निम्म्याहून जास्त गुण बिझनेस प्लॅन आणि सादरीकरणाला असतील, तर तिथे स्लाइड करायला शिकाल. ग्राहकांच्या मुलाखती, प्रत्यक्ष विक्री आणि हिशेब यांना गुण असतील तर डोळे झाकून घ्या.

अकाउंटिंग मात्र टाळू नका. समजा, नगाची किंमत १००, नगामागे खर्च ६०, महिन्याचा स्थिर खर्च २०,०००. एका नगामागे ४० सुटतात, म्हणजे ५०० नगांवर ना नफा ना तोटा. आता १० टक्के सूट द्या. सुटतात ३०, आणि तेच गाठायला ६६७ नग लागतात. दहा टक्के सूट म्हणजे दहा टक्के जास्त विक्री, असं धरून चालणारे प्लॅन इथेच आपटतात. शिवाय माल ६० दिवसांच्या उधारीवर गेला आणि कच्चा माल रोखीने घ्यावा लागला, तर कागदावर नफा दिसत असताना पगाराला पैसे नसतात. म्हणून रोख प्रवाहाचा तक्ता निदान पहिल्या वर्षी महिन्यागणिक मांडा.

खटपट्या: मुलाखतींबद्दल थोडं. ‘हे विकत घ्याल का?’ असं विचारलं की लोक भिडेखातर हो म्हणतात, त्यातून वर्गमित्र तर म्हणणारच. त्याऐवजी विचारा: ही अडचण शेवटची कधी आली, तेव्हा काय केलंत, किती पैसे गेले? काहीच केलं नसेल तर अडचण तेवढी मोठी नाही, असं समजा. एकाच प्रकारच्या ग्राहकांशी बोलत गेलात की दहा-पंधरा जणांनंतर बहुतेक तीच उत्तरं येऊ लागतात. येत नसतील तर गट सरमिसळ झालाय.

नवशिका: आणि प्रकल्पातून खरंच काही उभं राहिलं तर मालकी कोणाची?

ताळेबंद: विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण प्रवेशाआधी वाचा. प्रयोगशाळा, निधी किंवा पगारी प्राध्यापकाचा वाटा असेल तर विद्यापीठ हक्क सांगू शकतं. पेटंट घ्यायचं असेल तर आधी अर्ज, मग स्पर्धेत सादरीकरण. अमेरिकेत जाहीर केल्यावर वर्षभराची सवलत मिळते, युरोपात सहसा मिळत नाही.

खटपट्या: समजा टीम तिघांची आहे, तर समान वाटे करून मोकळे होऊ नका. परीक्षेनंतर एक जण नोकरीला जातो आणि एक तृतीयांश हिस्सा त्याच्याच नावावर राहतो. रूढ पद्धत अशी: शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के होतात, पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर काही नाही. हे लेखी हवं, चॅटवर नव्हे.