वेट बायस: पूर्वग्रह म्हणायचं का दुजाभाव?

प्रश्न: मी इंदूरला नर्सिंगच्या मुलींना शिकवते, काही घरी मराठी बोलणाऱ्या, बाकी हिंदीवाल्या. वेट बायसवर, म्हणजे वजनावरून माणसाला कमी लेखण्यावर, लेक्चर घ्यायचंय. 'वजनविषयक पूर्वग्रह' म्हटलं की मुलींच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही, पण ड्यूटी बदलताना 'ती सात नंबरची जाडी' हे सर्रास चालतं, सिनियर बोलतात, नव्या मुली तेच उचलतात आणि पडद्यापलीकडच्या पेशंटला सगळं ऐकू जातं, मला फार वाईट वाटतं. काय शब्द वापरू?

उत्तर: ताई, दोन्ही लागतील. पूर्वग्रह मनात असतो, दुजाभाव हातून घडतो. बीपीचंच घ्या ना, दंड मोठा आणि त्याला गुंडाळायचा कफ, म्हणजे पट्टा, लहान असला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतं, आता मोठा कफ शोधायचा कंटाळा करून तोच लहान कफ कसाबसा गुंडाळायचा आणि वर 'वजन कमी करा हो बाई' ऐकवायचं, हा चक्क दुजाभाव. 'खाणं आवरत नाही, दुसरं काय' असं धरूनच बेडपाशी जाणं हा पूर्वग्रह.

'लठ्ठपणा' आजाराचं नाव म्हणून ठीक, पण माणसाला 'लठ्ठ' म्हटलं की टोचतं. 'स्थूल' कोणी बोलत नाही. बाळ 'गुटगुटीत' म्हणून कौतुकाचं, तेच मोठं झालं की 'ढोली'. आणि 'खात्यापित्या घरची' सुद्धा नको, गोड वाटतं पण खाऊनच झालंय असंच सुचवतं.

प्रश्नकर्ती: दुजाभाव पटला! हिंदीवाल्यांना 'भेदभाव' म्हणून सांगेन. कारणं पण शिकवणारच आहे, आनुवंशिकता, पीसीओएस (बायकांमधला हार्मोन बिघडण्याचा आजार), स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारावरची काही औषधं, आणि १९९४ साली सापडलेलं लेप्टिन, हे चरबीतून येणारं भूक आवरणारं हार्मोन, म्हणजे भुकेचा कारभार नुसत्या मनाच्या निग्रहावर चालत नाही हे त्यांना कळायलाच हवं.

उत्तर: जरूर, पण नुसतं ऐकवून भागणार नाही, वाक्यं तोंडात बसवा. 'बेड सात, वजन १०४ किलो, मोठा कफ लावा, उठवताना दोघी लागतील', यात विशेषणाचं कामच नाही, पुढच्या मुलीला हवं ते सगळं आलं. आणि पेशंटशी बोलताना आधी विचारायचं, 'काकू, वजनाबद्दल थोडं बोललं तर चालेल का?' त्या नको म्हणाल्या तर ज्या दुखण्यासाठी आल्यात तेच आधी बघायचं.