साहेबांच्या मेव्हण्याचा प्लॉट 'खासगी बाब' कशी काय?

सातरस्ता_सोलापूर:
आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर एका निवृत्त अधिकाऱ्यांची पोस्ट फिरतीय. म्हणणं असं, की अधिकाऱ्याच्या बायकापोरांच्या, मेव्हण्या-पाहुण्यांच्या नावावर काय आहे ते विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं, आणि माहिती अधिकार म्हणजे आता खंडणीचा धंदा. खाली ढीगभर अंगठे. वाचून डोकं फिरलं.

आमदार-खासदारकीला उभं राहणाऱ्याला बायकोच्या दागिन्यासकट सगळं शपथपत्रात लिहावं लागतं. ज्याच्या सहीनं ले-आऊट मंजूर होतो, त्याचं मात्र बंद पाकीट. २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून ती 'वैयक्तिक माहिती'. वर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधला व्यापक जनहिताचा अपवादच उडवला, नोव्हेंबर २०२५ पासून ते लागूही झालं.

आणि मला साहेबांकडं किती तोळे आहेत यात काडीचा रस नाही. मेव्हण्याची फाईल टेबलावर आली तेव्हा साहेब त्या फाईलपासून लांब राहिले का, एवढंच सांगा. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचं बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये हिंडेनबर्ग या अमेरिकी संस्थेनं तेव्हाच्या अध्यक्षा माधवी पुरी बुच यांच्यावर हितसंबंधांचे आरोप केले. सेबीनं सांगितलं, अशा प्रकरणांतून त्या बाजूला राहिल्यात. माहिती अधिकारात विचारलं, कोणकोणत्या? तर म्हणे माहिती सहज उपलब्ध नाही, गोळा करायला फार यंत्रणा लागेल. घ्या आता.

निवृत्त_नाझर:
अर्धंच सांगायची सवय झालीय लोकांना. त्याच प्रकरणात मे २०२५ मध्ये लोकपालांनी तक्रारी फेटाळल्या, ते कुठं गेलं? आयएएस अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्ता दरवर्षी संकेतस्थळावर लागते. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, आम्ही विवरणपत्रं भरून दिलीत.

खंडणीचं म्हणाल तर ते मी डोळ्यानं बघितलंय. आमच्या एका साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलेलं. एक 'कार्यकर्ता' सातबाऱ्याच्या झेरॉक्सा घेऊन केबिनमध्ये आला, "मिटवून टाकू" म्हणाला. साहेबांनी हाकलला. तर त्याच झेरॉक्सा मुलीच्या सासरी पोचल्या. जमीन वडिलोपार्जित होती हो! तुम्ही त्या माणसाची बाजू घेताय.

सातरस्ता_सोलापूर:
खंडणीखोरावर गुन्हा दाखल करा, माझी ना नाही. त्याच्यासाठी कायदा का कापायचा? आणि सगळं आलबेल होतं तर सेबीनं २०२५ मध्ये हितसंबंधांचे नियम तपासायला माजी केंद्रीय दक्षता आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती कशाला नेमली? आयएएसची फक्त स्थावर लागते, शेअर नाही. लोकपाल कायद्याच्या कलम ४४ मध्ये बायकोमुलांसकट सगळं जाहीर करायचं होतं, ते २०१६ मध्ये गुपचूप पातळ केलं.

नाझरसाहेब, तुमच्या विवरणपत्राचं पुढं काय व्हायचं ते तरी सांगा.

निवृत्त_नाझर:
पाकिटात घालून आस्थापना शाखेत. चौकशी लागली की उघडायचं.

सातरस्ता_सोलापूर:
उघडलेलं बघितलं का कधी?

निवृत्त_नाझर:
माझ्या काळात नाही. खूष?

ऊसवाला_होटगी:
गुपिताचं बोलताय तर सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचं बोला की. १५ जून २०२३ ला पाडली, अख्खा पोलीस फौजफाटा लावून. विमानाला आड येती, अनधिकृत होती म्हणे. मग उभी राहीस्तोवर सगळी कार्यालयं झोपली होती का? एवढी उंच चिमणी रात्रीत उगवत नसती. कुणी बघून न बघितल्यासारखं केलं, त्याची यादी द्या आधी.

जुळे_सोलापूर:
आलं! विषय कुठलाबी असू दे, यांची चिमणी आलीच. ओ, जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं ते चिमणी गेली म्हणूनच. माझा पोरगा बेंगळुरूला आयटीत आहे. सोलापुरात कंपनी का येत नाही विचारलं की सगळे एकच सांगायचे, विमान नाही.

ऊसवाला_होटगी:
विमान आलं, कंपनी आली का? आमचा ऊस गाळपाला कुठं घालायचा ते तुमच्या पोराला विचारून सांगा. बोरामणीला विमानतळाला जमीन घेऊन ठेवलीय, ती कशाला? चरायला?

जुळे_सोलापूर:
बोरामणीला माळढोक पक्ष्याचं लफडं आहे, माहीत नसताना बोलू नका. बेकायदा ते बेकायदा.

ऊसवाला_होटगी:
बेकायदा होऊ देणारा तेवढा कायदेशीर, नाही का? फ्लॅटमध्ये बसून शेतकऱ्याला कायदा शिकवालाय.

जुळे_सोलापूर:
फ्लॅट कष्टाचा आहे. सभासदांच्या पैशावर बसून नाही घेतला.

ऊसवाला_होटगी:
कुणाला बोलालास बे? सभासद मीच आहे!

अक्का_पूर्वभाग:
तुमची चिमणी पडली तरी धूर थांबंना. मी मूळ विषयावर बोलते, ऐका.

आमचा टॉवेलचा कारखाना, मागं शेड वाढवायची होती. कार्यालयाचं नाव घेत नाही. आमच्या इंजिनिअरनं काढलेला नकाशा दोनदा परत आला, शेरा एकच, सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, कमी. खिडकीवरचा माणूस हळूच म्हणला, "अक्का, अमक्याकडनं काढून आणा, लवकर होतंय." तो अमका म्हणजे साहेबांचा सख्खा पुतण्या. त्यानं काय केलं? आमचाच नकाशा, तेच अंतर, फक्त खाली शिक्का त्याचा. मंजूर! लाच कुणी मागितली नाही. पुतण्यानं फी घेतली, रीतसर पावती दिली, जीएसटीसकट. आता कुणाकडं तक्रार करू? पकडायला काहीच नाही. साहेबांचं विवरणपत्र उघडलं तरी त्यात पुतण्या कुठं दिसणार?

निवृत्त_नाझर:
अक्का, हे प्रकार होतात. मी नाकारत नाही. पण नियमांत नातेवाईकांबाबत कळवायची तरतूद आहे.

सातरस्ता_सोलापूर:
कळवायचं कुणाला? वरिष्ठाला. आणि वरिष्ठाचा जावई कुठं हाय ते त्याच्या वरिष्ठाला. आदर्श सोसायटीत हेच झालं. कुलाब्यात एकतीस मजले उभे राहिले, आणि फाईल हलवणाऱ्यांच्याच नातेवाइकांना फ्लॅट निघाले. पाकिटं तेव्हाही भरलेली असतील.

निवृत्त_नाझर:
बरं बाबा, तुम्ही जिंकलात, सगळे अधिकारी चोर, सोलापुरात फक्त तुम्ही आणि ग्रामदैवत स्वच्छ. पण एक ऐका. बायकोपोरांची मालमत्ता मागत बसाल तर 'वैयक्तिक' म्हणून अर्ज कचऱ्यात. फाईल दुसऱ्याकडं वर्ग केली असली तर टिपणीवर नोंद असते. ती कार्यालयीन नोंद, कुणाच्या घरातली नाही.

सातरस्ता_सोलापूर:
मग तसंच मागतो. नगररचनेत गेल्या पाच वर्षांत हितसंबंध कळवून कुणी फाईल सोडली, त्या टिपणींच्या प्रती. मसुदा पाठवू का? बघून द्याल?

निवृत्त_नाझर:
पाठवा. 'का सोडली नाही' असं चुकूनही लिहू नका. 'का' विचारलं की माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून परत येईल. कलम ८(२) मात्र टाका, जनहिताचं ते अजून शाबूत आहे. आणि माझं नाव कुठं घेऊ नका, पेन्शन सुरू आहे.

ऊसवाला_होटगी:
त्यातच चिमणीच्या परवानगीची फाईल पण मागा.

जुळे_सोलापूर:
वेगळा अर्ज करा आणि दहा रुपयांचं तिकीट स्वतःच्या खिशातनं लावा.