फ्रेटलेस बास गिटारच्या जाड तारांची खरखर : दोष नेकचा, नटाचा की फिंगरबोर्डचा?

प्रश्न : मंद्रसप्तक (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार. माझ्याकडे चार तारांची, 34 इंच स्केलची (म्हणजे वरच्या टोकाच्या नटापासून खालच्या ब्रिजपर्यंत 34 इंच तार असलेली) आणि रोझवुडचा फिंगरबोर्ड (बोटे दाबण्याची लाकडी पट्टी) असलेली एक वापरलेली फ्रेटलेस बास गिटार आहे. इतर गिटारवर फ्रेट (स्वरांच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जेथे असतात तेथे तिच्यावर फिकट रेषा आहेत, म्हणून स्वरांची जागा मी रेषेच्या क्रमांकाने सांगतो. हिवाळाभर ती उत्तम वाजत होती. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर गेल्यापासून मात्र ई आणि ए या दोन तारा मोकळ्या वाजवल्या तरी, आणि पहिल्या ते पाचव्या रेषेवर दाबल्या तरी, खरखर करू लागल्या आहेत. नवव्या रेषेच्या पुढे आवाज स्वच्छ येतो. जी तारेवर काहीच त्रास नाही. डी तारेवर फक्त पाचव्या रेषेपाशी थोडी झणझण जाणवते.

मी ब्रिजवरील सॅडल (तारा ज्यांवर टेकतात ते आधार) जवळजवळ एक मिलिमीटर वर घेतल्या. त्यामुळे वरच्या जागा वाजवणे बोटांना जड झाले, पण खालची खरखर गेली नाही. एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवले असता फिंगरबोर्ड पॉलिश पेपरने घासून सपाट करावा लागेल असे सांगण्यात आले. जून महिन्यात सायंटिफिक सभागृहात भावगीतांच्या एका कार्यक्रमाला मला साथ करायची आहे, पण घासलेले लाकूड परत येत नाही, म्हणून हात धजावत नाही. आधी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : चौथी तार

फिंगरबोर्डला तूर्त कोणालाही हात लावू देऊ नका. आपण दिलेल्या वर्णनातच बरेचसे निदान आहे. मोकळी तार आणि पहिल्या पाच रेषा खरखरतात, पुढचा भाग स्वच्छ आहे आणि ऋतू बदलल्यावर हे सुरू झाले, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर नेक (गिटारची लांब मान) सरळ झाली आहे किंवा किंचित मागे वाकली आहे, अशी माझी दाट शंका आहे. सॅडल उचलून उपयोग का झाला नाही, हेही हिशेबाने कळते. सॅडल 1 मि.मी. वर घेतली तर मोकळी तार बाराव्या रेषेवर अर्धा मि.मी. उचलली जाते, पण तिसऱ्या रेषेवर ती जेमतेम 0.16 मि.मी. उचलली जाते, कारण तेथपर्यंत तारेच्या लांबीचा सहावा हिस्साही झालेला नसतो. म्हणजे जेथे जागा हवी होती तेथे ती मिळाली नाही आणि जेथे नको होती तेथे मिळाली.

मोजमाप असे करावे. गिटार नेहमीच्या सुरात लावून, वाजवताना धरतो तशीच मांडीवर धरावी. डाव्या हाताने ई तार पहिल्या रेषेवर आणि उजव्या हाताने फिंगरबोर्डच्या शेवटच्या टोकाशी दाबावी. ताणलेली तार ही उत्तम फूटपट्टी असते. आता सातव्या-आठव्या रेषेपाशी तार आणि लाकूड यांच्यामधील फट पाहावी. फ्रेटलेसला 0.15 ते 0.25 मि.मी. फट मला पुरेशी वाटते. नेहमीचा झेरॉक्सचा कागद साधारण 0.1 मि.मी. जाडीचा असतो, म्हणजे दोन कागद अलगद सरकले की झाले. मोटारसायकलचे टॅपेट लावताना मेकॅनिक वापरतात ते फीलर गेज मिळाले तर आणखी चांगले. तार मधल्या भागात लाकडावर पूर्ण टेकलेली दिसली, तर एक लांब स्टीलची पट्टी ए आणि डी तारांच्या मधून फिंगरबोर्डवर ठेवावी. ती मध्यावर टेकून दोन्ही टोकांकडे डुलत असेल तर नेक मागे वाकलेली आहे, हे निश्चित.

तसे असेल तर योग्य मापाच्या ॲलन कीने ट्रस रॉड (नेकच्या आतील, तिचा वाक कमी-जास्त करणारा धातूचा दांडा), त्याच्या टोकाकडे समोरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने, पाव फेरा सैल करावा, गिटार पुन्हा सुरात लावावी आणि रात्रभर तशीच ठेवावी. लाकूड सावकाश सरकते. तासाभरात दुसरा पाव फेरा देण्याचा मोह टाळावा. रॉड फारच सैल झाला तर तो नेकच्या आत स्वतःच खडखडतो आणि तो आवाज तारेचा आहे असे वाटत राहते, हेही ध्यानात असू द्यावे.

एक विचारतो : गिटार कूलरच्या खोलीत असते का?

उत्तर : जवारी (महाल, नागपूर)

मी मुळात तानपुरा आणि सतार वाजवणारा माणूस आहे, बास गिटारकडे उशिरा वळलो. म्हणून थोडे वेगळ्या बाजूने सांगतो. फ्रेटलेसवरची प्रत्येक झणझण हा दोष नव्हे. तानपुऱ्याच्या घोडीवर तार हलकेच घासत राहते म्हणून जवारी (तो झणझणीत, गुंजणारा नाद) बोलते, आणि मिरजेचे कारागीर त्या घोडीचा उतार घासून घासून नेमका त्यासाठीच साधतात. फ्रेटलेसवर बोटापुढची तार लाकडाला हलकी चाटत जाते आणि स्वर वाजवल्यानंतर जरा उशिराने फुलतो, तेच या वाद्याचे मर्म आहे. फिंगरबोर्डपासून तार खूप दूर नेली तर खरखर जाते, पण त्याबरोबर हा फुलोराही जातो.

त्यामुळे आधी कानाने निवड करावी. स्वर फुलतो, लांबतो आणि बोटाच्या दाबाबरोबर त्याचा रंग बदलतो, तेव्हा ती जवारी समजावी. तार छेडल्याबरोबर कर्कश आवाज येऊन स्वर लवकर मरतो, तेव्हा तो दोष. त्याच जागी तार ब्रिजच्या जवळ आणि हळुवार छेडून पाहावी. ई तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते आणि तिचा झोका मोठा असतो. नेकच्या जवळ जोराने ओढली तर चांगल्या जुळवलेल्या गिटारवरही ती लाकडावर आपटेल. आणखी एक, एका हाताने वाजवत दुसऱ्या हाताने ट्युनरचे नट, सॅडलचे स्क्रू, पिकअपचे कव्हर असे एकेक दाबून पाहावे. माझ्याकडे एकदा आठवडाभर जी झणझण मी फिंगरबोर्डवर शोधत होतो, ती ए तारेच्या ट्युनरच्या सैल झालेल्या वॉशरची निघाली.

मंद्रसप्तक (मूळ प्रश्नकर्ता), पाच दिवसांनंतर

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तार दोन्ही टोकांना दाबून पाहिली, तेव्हा चौथ्या रेषेपासून दहाव्या रेषेपर्यंत ती लाकडावर पूर्ण झोपलेली होती. एक कागदही आत जाईना. स्टीलची पट्टी स्पष्टपणे डुलत होती. पहिल्या दिवशी पाव फेरा आणि तिसऱ्या दिवशी त्याहून थोडा कमी, एवढा ट्रस रॉड सैल केल्यावर आज दोन कागद सहज सरकतात. सॅडल पुन्हा खाली आणल्या. बाराव्या रेषेवर ई तारेची उंची आता 2 मि.मी. आणि जी तारेची 1.5 मि.मी. आहे. ई तार मोकळी वाजवताना आज प्रथमच ती पूर्वीसारखी भरून आली, तेव्हा मला फार आनंद झाला.

कूलरविषयी आपली शंका खरी आहे. गिटार कूलरच्या समोरच्याच भिंतीवर टांगलेली असे. दुपारभर वाळ्याची ओली हवा आणि कूलर बंद झाला की कोरडी झळ. आता ती केसमध्ये आतल्या खोलीत ठेवली आहे. डी तारेवरची पाचव्या रेषेची झणझण मात्र कायम आहे. उजेड तिरपा पाडून पाहिले, तर तेथे तारेखाली बोटाच्या पेराएवढी लांब, उथळ खाच दिसते, आणि नखाला तिची कड लागते.

उत्तर : चौथी तार

मग ती राऊंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारांची झीज आहे. स्टीलचे वेटोळे रोझवुडला कानशीसारखे खाते. प्रसिद्ध फ्रेटलेस बासवादक जॅको पास्टोरियस यांनी आपल्या 1962 च्या जॅझ बास गिटारच्या फिंगरबोर्डवर होड्यांसाठी वापरले जाणारे इपॉक्सी चढवले होते, ते याच तारांपासून लाकूड वाचवण्यासाठी. आपल्याला एवढे करण्याची गरज नाही. एका खाचेसाठी सबंध बोर्ड घासायला देऊ नये, विशेषतः बोर्डच्या गोलाईशी जुळणारा ठोकळा न वापरता, नुसत्या हाताने घासणाऱ्याकडे तर मुळीच नाही. गोलाई बिघडली की चारही तारा बिघडतात. रोझवुडचा बारीक भुसा खाचेत दाबून त्यावर पातळ सुपरग्लूचा थेंब सोडावा, पूर्ण वाळल्यावर ब्लेड उभे धरून तो भाग आजूबाजूच्या लाकडाच्या पातळीला आणावा, आणि हे करताना दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून ठेवावा.

राऊंडवाउंड तारा तशाच ठेवणार असाल, तर स्वर हलवताना बोट गिटारप्रमाणे आडवे ओढू नका. व्हायोलिनवर करतात तसे ते तारेच्या लांबीतच पुढे-मागे डोलवा, म्हणजे भरलेली जागा लवकर उकरली जाणार नाही.